तिसऱ्या मजल्याचा स्तंभ

भाचीच्या वहीत सुट्टीच्या गृहपाठाची एकच ओळ होती : ‘कोणत्याही एका विषयाची माहिती गोळा करून स्तंभालेख काढा.’ तिच्या वर्गातल्या बाकीच्या मुलींनी ती ओळ अर्ध्या तासात निकालात काढली होती. कुणी घरातले चमचे मोजले, कुणी चपला. भाचीही सोफ्याखालच्या चपला मोजून मोकळी झाली असती. पण ती सुट्टीला आत्याकडे आली होती आणि आत्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काम करत होती. शिवाय आत्याची पंधरा दिवसांची रजा वाया जाऊ नये म्हणून तिला सक्तीने घरी बसवलेलं होतं. दोन दिवसांत तिचे घरातले सगळे डबे आकारमानानुसार लावून झाले होते. तिसऱ्या दिवशी ती ओळ तिच्या हाती लागली.

“चपला?” आत्या म्हणाली. “चपला मोजून कुणाला काय कळणार? माहिती कशासाठी गोळा करतात? प्रश्नाचं उत्तर मिळवायला. आधी प्रश्न हवा.”

“मग प्रश्न काय घ्यायचा?” भाचीने विचारलं.

तेवढ्यात जिन्यातून नेहमीची आरोळी आली : “लिफ्टचं दार लावा होऽऽ!”

आत्याच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला की पेपर वाचणाऱ्या नवऱ्याने पेपर घडी करून बाजूला ठेवला. बावीस वर्षांच्या संसारात त्याने तो उजेड चार वेळा पाहिला होता आणि चारही वेळा घरातलं सामान हललं होतं.

लिफ्टची गोष्ट अशी. इमारत सहा मजल्यांची, लिफ्ट जुनी, जाळीच्या सरकत्या दारांची. कुठल्याही एका मजल्यावरचं दार नीट लागलं नाही की लिफ्ट जिथे असेल तिथे गप्प उभी राहायची. मग ज्याला घाई असेल त्याने आरोळी ठोकायची, वाट बघायची आणि शेवटी जिन्याने चढत प्रत्येक मजल्यावरचं दार ओढून घट्ट करत जायचं. कुठल्यातरी दारानंतर लिफ्ट गुरगुरत सुरू व्हायची. दोष कुणाचा, हे मात्र ज्याने त्याने आपापल्या सोयीने ठरवलेलं होतं. आत्याचं मत पक्कं होतं : पाचव्या मजल्यावरची वकीलबाई. तिच्याकडे दिवसभर अशिलांची ये-जा, त्यातला एकही माणूस दार लावत नसणार. वकीलबाईचं मत तितकंच पक्कं होतं : तिसरा मजला. या दोन पक्क्या मतांमुळे दोघी तीन वर्षं एकमेकींशी फक्त हसत होत्या.

पण या महिन्यात सेक्रेटरींनी फळ्यावर नोटीस लावली होती. दोषी मजला रविवारच्या सभेत निश्चित झाला नाही, तर लिफ्ट रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा बंद. दार उघडं टाकणाऱ्यांना धडा मिळावा म्हणून.

हा धडा सगळ्यात आधी मिळणार होता सहाव्या मजल्यावरच्या घड्याळवाल्या आजोबांना. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करून त्यांचे डोळे शाबूत होते, पण गुडघे संपले होते. ते रोज पाच वाजता लिफ्टने खाली यायचे, फाटकाजवळच्या बाकावर बसायचे आणि सहाला वर जायचे. दिवसभरात त्यांचं घराबाहेरचं जग तेवढंच. नोटीस वाचून ते म्हणाले होते, “असू दे. मी खिडकीतून बाक बघत जाईन.” भाचीने हे ऐकलं होतं. बाकावर तिची आणि आजोबांची रोजची बैठक असे. आजोबा तिला सेकंदकाटा कसा चालतो ते समजावत आणि ती त्यांना शाळेतल्या भांडणांचे तपशील देई.

“आत्या, आपण शोधून काढू या ना, दार कोण उघडं ठेवतं!”

“कोण नाही. कुठे,” आत्या म्हणाली. “माणसांची नावं लिहायची नाहीत. फक्त मजला.” मनात मात्र ती पाचव्या मजल्याचा उंच स्तंभ लाल रंगाने रंगवूनसुद्धा मोकळी झाली होती.

सैन्य दुपारपर्यंत जमलं. पहिल्या मजल्यावरचे जुळे, जे कुठलंही वाक्य अर्धं-अर्धं वाटून घेत. सहाव्या मजल्यावरचा भोपू, ज्याला हळू बोलणं शारीरिकदृष्ट्या शक्य नव्हतं. आणि सेक्रेटरींची आठ वर्षांची मुलगी खोडरबर. तिला हे नाव तिच्या वहीमुळे मिळालं होतं. जरा शंका आली की ती लिहिलेलं खोडायची, आणि तिला शंका फार यायच्या. तिच्या गणिताच्या वहीतून पलीकडचं दिसे.

आत्याने सगळ्यांना जमिनीवर बसवून ताळ्याच्या खुणा शिकवल्या. चार उभ्या रेघा, पाचवी तिरकी, झाला पाचाचा एक जुडगा. मुलं खुळावलीच. पाच मिनिटांत जुळ्यांनी नवऱ्याच्या शिंका मोजल्या, भोपूने आत्याने ‘म्हणजे’ किती वेळा म्हटलं ते मोजलं (एक जुडगा आणि तीन), आणि आत्याला बावीस वर्षांत प्रयोगशाळेत कधी मिळाला नव्हता असा आनंद मिळाला.

“नियम एक,” ती बोट वर करून म्हणाली, “आकडा खोडायचा नाही. आवडला तरी, नाही आवडला तरी. नियम दोन, निरीक्षकाने मध्ये बोलायचं नाही, सुचवायचं नाही, हसायचं नाही. फक्त नोंद. नियम तीन, प्रत्येक कागदावर नोंद घेणाऱ्याची सही आणि तपासणाऱ्याची सही. दर अर्ध्या तासाने.”

“तपासणारा कोण?” भोपूने विचारलं. खालच्या दुकानदारानेही वर पाहिलं.

“मी,” आत्या म्हणाली.

इथपर्यंत सगळं एका खोलीत होतं, म्हणून सुरळीत होतं. संध्याकाळी आत्या परवानगी मागायला सेक्रेटरींकडे गेली.

“कल्पना उत्तम आहे, वहिनी,” सेक्रेटरी म्हणाले, “पण अर्ज लागेल.”

“मुलं जिन्यात बसून रेघा मारणार आहेत.”

“तेच लिहा ना अर्जात. तीन प्रती. शिवाय पालकांची संमती.”

“तुमच्या मुलीची संमती तुम्हीच देणार ना?”

“देईन की. पण लेखी मागा.”

आत्याने लेखी मागितली. सेक्रेटरींनी स्वतःकडे आलेल्या अर्जावर स्वतःच शेरा मारला, ‘विचाराधीन’, आणि तो विचार करायला एक पूर्ण रात्र घेतली. सकाळी संमती मिळाली; पण तोवर बातमी सगळ्या मजल्यांवर पोचली होती आणि सल्ले सुरू झाले होते. दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकेने सांगितलं, मुलांना टोप्या द्या, अधिकार दिसतो. पहिल्या मजल्यावरच्या दंतवैद्याने सांगितलं, टोप्या नकोत, लोक सावध होतात. जुळ्यांच्या आजीने विचारलं, मोजून झाल्यावर लिफ्ट नवीन येणार का, आणि नाही म्हटल्यावर तिचा रस संपला. आणि पाचव्या मजल्यावरून वकीलबाई स्वतः, जिन्याने, उतरल्या.

“ऐकलं ते खरं का?”

“खरं,” आत्या हसली.

“छान.” वकीलबाईही हसल्या. “एकच शंका. ‘उघडं दार’ याची व्याख्या काय धरलीत?”

“उघडं म्हणजे उघडं.”

“अहो, असं कसं चालेल? वीतभर उघडं? दोन बोटं? उद्या माझ्या मजल्यावर वाऱ्याने दार हललं तरी तुमची पोरं रेघ मारतील!”

आत्याला हा प्रश्न स्वतःला सुचायला हवा होता. तो वकीलबाईला सुचला, हे तिला जेवण होईपर्यंत टोचत राहिलं. शेवटी दोघींच्या वाटाघाटीतून व्याख्या ठरली : फटीत बोट शिरलं तर उघडं, नाही शिरलं तर लागलेलं. कुणाचं बोट, यावर आणखी दहा मिनिटं गेली. मुलांचं, असं ठरलं.

सोमवारी चार वाजता पहारा सुरू झाला. चार ते सहा, शुक्रवारपर्यंत. जुळे पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावर, भाची तिसऱ्यावर, खोडरबर चौथ्यावर, भोपू पाचव्यावर. सहाव्यावर कुणाला ठेवायचं याची चिंता चालू असताना आजोबांचा निरोप आला : मी आहे, माझ्याकडे खुर्ची आहे, घड्याळ आहे आणि वेळ आहे. त्यासाठी त्यांनी पाच दिवस बाक सोडला. आत्याने त्यांना सगळ्यात गुळगुळीत कागद दिला.

खोडरबरचं तोंड मात्र उतरलं होतं. चौथ्या मजल्यावर एक घर कुलूपबंद, दुसऱ्यातले दोघे दिवसभर कामावर. “तिथे काहीच होत नाही, आत्या.”

“काहीच न होणं हीसुद्धा माहिती असते,” आत्या म्हणाली. हे वाक्य तिला स्वतःलाच इतकं आवडलं की तिने ते नवऱ्यालाही ऐकवलं.

पाच दिवस इमारतीत नुसती धमाल चालली होती. जुळे एकमेकांना मजल्यामजल्यांतून आकडे ओरडून सांगत आणि नियम दोनची आठवण दिली की कुजबुजत ओरडत. भोपूने वकीलबाईच्या प्रत्येक अशिलाला “लिहिलंय हं!” असा दम भरला, त्यामुळे अशील दार दोनदा लावू लागले. आजोबा वेळ सेकंदासकट लिहीत. भाची स्टुलावर बसून, पाठ ताठ, ओठ मिटलेले, अशी रेघा मारत होती की प्रयोगशाळेतल्या नव्या मदतनिसांनी येऊन बघावं.

आत्या तर जमिनीवर नव्हतीच. दर अर्ध्या तासाने वरून-खालून लिफ्टने कागद येत. कधी भोपू आजोबांचा आणि स्वतःचा घेऊन येई, कधी जुळे, कधी खोडरबर. आत्या तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या दारातच उभी राहून कागद तपासे. तारीख आहे का, जुडगे नीट आहेत का, सही कुठे आहे. आकडे शनिवारी एकदमच मोजायचे होते, आणि भाचीच्या कागदावर तर ती न बघताच सही करी. लिफ्ट मुलांना घेऊन पळून जाऊ नये म्हणून ती एक पाय दारात रोवून ठेवे. प्रयोगशाळेत शीतगृहाचं जड दार तिने वर्षानुवर्षं असंच पायाने अडवलं होतं. हातात नमुन्यांचा ट्रे असला की दुसरा इलाज नसतो. पाय आपला आपोआप पुढे जाई. खोडरबरचा कागद रोज कोरा असे. आत्या त्यावर ऐटीत लिही, ‘शून्य. उत्तम.’ आणि सही करी. खोडरबर काहीतरी बोलायला तोंड उघडी आणि नियम दोन आठवून मिटून घेई.

लिफ्ट त्या आठवड्यात नेहमीपेक्षा जास्त अडली. आत्याला वाटलं, काय योग्य आठवडा निवडलाय आपण!

शनिवारी दुपारी आलेख काढायला सगळे आत्याच्या बैठकीच्या खोलीत जमले. चौकोनी रेघांचा मोठा कागद जमिनीवर पसरला. आडव्या अक्षावर मजले, उभ्या अक्षावर दार उघडं राहिल्याची संख्या. एक चौकोन म्हणजे एक वेळ.

“पहिला मजला पाच,” एक जुळा म्हणाला. “दुसरा सात,” दुसऱ्याने वाक्य पुरं केलं.

“चौथा शून्य,” खोडरबर जमिनीकडे बघत म्हणाली. “सहावा दोन,” भोपू आजोबांच्या कागदावरून गरजला.

“आणि पाचवा?” आत्याने लाल खडू हातात घेतला.

“सहा.”

“सहा... जुडगे?”

“सहा रेघा.”

आत्याने कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हतं. भाची आपला कागद वाचू लागली. जुडगे मोजताना ती प्रत्येकावर बोट ठेवत होती. बोट खाली-खाली जातच राहिलं.

“तिसरा मजला, त्रेचाळीस.”

“किती?”

“त्रेचाळीस. आठ जुडगे आणि तीन.”

“अगं, काहीतरीच! आपला मजला? आपण दोघं आणि समोरचं घर. कोण उघडं ठेवतं?”

भाचीने नियम क्रमांक एक आणि दोन यांच्याशी थोडा वेळ मनात झगडा केला. मग म्हणाली, “आता पहारा संपलाय ना? आता बोललं तर चालेल?”

“बोल!”

“तू, आत्या. पाय ठेवून. सही करताना.” तिने कागदाच्या समासाकडे बोट दाखवलं. “एकदा तर एक मिनिट चाळीस सेकंद. भोपूची तारीख चुकली होती तेव्हा.”

नवरा स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला होता. तिथून पेला पडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ तो काही बाहेर आला नाही.

आत्या भिंतीला टेकून बसली. ज्या गोष्टीची मोजदाद करायची ती मोजणाऱ्यानेच घडवून आणायची, ही चूक ती नव्या मदतनिसांना पहिल्याच दिवशी समजावून सांगत असे. फळ्यावर आकृती काढून.

भोपूने त्याच्या मते हलक्या आवाजात विचारलं, “आत्या, एक चौकोन म्हणजे दहा वेळा धरू या का? मग सगळे सारखेच दिसतील.”

“मी खोडू?” खोडरबर पटकन म्हणाली. तिच्या मुठीत हत्यार तयारच होतं.

खरं सांगायचं तर आत्याला एक क्षण मोह झाला. त्रेचाळीसपैकी चाळीस तरी सहीचेच असणार; ते वगळायला शास्त्रीय कारण होतं, तळटीप देता आली असती. पण पाच जोडी डोळे तिच्याकडे लागले होते. आठवडाभर याच डोळ्यांना तिने नियम एक बजावला होता.

“खोडायचं नाही,” आत्या म्हणाली. आवाज तिचाच होता, जरा बारीक. “काढा स्तंभ.”

स्तंभ कागदात मावेना. वर दुसरा कागद चिकटवावा लागला. रंग कोणता, असं भाचीने विचारलं तेव्हा आत्याने हातातल्या लाल खडूकडे पाहिलं आणि मुकाट्याने तो तिला दिला.

रविवारी अकराला इमारत तळमजल्यावर जमली. आलेख लिफ्टच्या शेजारी भिंतीवर. खोलीत तो मोठा वाटला होता. इथे तो प्रचंड दिसत होता. चार खुजे स्तंभ आणि मध्ये तिसऱ्या मजल्याचा लाल मनोरा. चौथ्यावर तर काहीच नव्हतं, त्यामुळे तो आणखीच उठून दिसे. आजोबा तेवढे वर होते. सभा सुरू झाली की लिफ्टने येतो म्हणाले होते.

वकीलबाईंनी चष्मा लावून आलेख वाचला. तीन वर्षांचं हसू त्यांनी एकदम वसूल केलं. “बाई, हा तिसरा मजला म्हणजे तुमचाच ना?”

“माझाच.”

“आणि माहिती तुम्हीच गोळा करवलीत?”

“मीच.”

“तपासणाऱ्याची सही?”

“माझी.” आत्याने घसा साफ केला. “आणि दार उघडं ठेवणारा पायही माझाच. मी लिफ्ट अडवून सह्या करत होते. मुलांनी मला बघितलं आणि खरं ते लिहिलं. आलेख बरोबर आहे.”

हशा असा उसळला की जिना दणाणला. दंतवैद्य म्हणाले, टोप्या असत्या तर हे झालं नसतं. कोण कुठल्या बाजूचं होतं याचा त्यांना विसर पडला होता. सेक्रेटरी मात्र हसले नाहीत; ते इतिवृत्तात लिहू लागले, ‘दोषी मजला : तीन.’

“अहो, पण मी फक्त एक आठवडा उभी होते!” आत्या म्हणाली. “लिफ्ट तीन वर्षं अडते आहे!”

“वहिनी, आता आकडे तुमचेच आहेत. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबणं बंद करू, नाहीतर नोटिशीप्रमाणे—”

सेक्रेटरींच्या खिशातला फोन वाजला. फोनवरचा आवाज सगळ्यांना ऐकू आला, कारण आजोबा फोनवर नेहमी सहा मजल्यांचं अंतर हिशेबात धरून बोलत.

“अकरा वाजून सतरा मिनिटं झाली. चार मिनिटं बटण दाबतोय. लिफ्ट येत नाहीये. दार लावा कुणीतरी!”

सगळ्यांनी लिफ्टकडे पाहिलं. ती तळमजल्यावर, त्यांच्यासमोर, दार घट्ट लावून उभी होती.

आत्याने आधी माणसं मोजली. मग पुन्हा मोजली. “वर आजोबांशिवाय कुणी आहे का?”

कुणी नव्हतं. चौथ्या मजल्यावरची कामावर जाणारी दोघंसुद्धा आज हजर होती.

“मग दार उघडं टाकलं कुणी?” वकीलबाईंचा चष्मा नाकावर घसरला.

खोडरबर एकदम रडायला लागली.

“चौथ्याचं,” ती हुंदके देत म्हणाली. “ते आपणच सरकतं. लिफ्ट बाजूने गेली ना, की थोड्या वेळाने थोडंसं सरकतं. मी बोट घालून बघायचे. बोट जायचं. मी रेघ मारायचे. पण तिथे कुणी माणूसच नसायचा! मग मला वाटायचं, चुकलं आपलं... आणि मी खोडायचे.”

“तू मला सांगितलं का नाहीस?”

“तू ‘शून्य, उत्तम’ लिहायचीस ना!”

आत्याने फायलीतून चौथ्या मजल्याचे पाच कोरे कागद काढले आणि दारातल्या उन्हासमोर धरले. उजेड कागदातून आला आणि खोडलेल्या रेघांच्या खाचा एकेक करून दिसायला लागल्या. चार उभ्या, पाचवी तिरकी. दोन जुडगे आणि एक. त्याखाली तिची स्वतःची, ठसठशीत, न खोडलेली सही.

“अकरा!” आत्या ओरडली. “अकरा आहेत! अगं, तू शोधून काढलंस!”

पुढच्या मिनिटात सभा जिन्यावरून वर धावली. सगळ्यात पुढे आत्या आणि खोडरबर, मागे भोपू बातमी देत, नंतर वकीलबाई. चौथ्या मजल्यावर जाळीचं दार गरीब चेहऱ्याने उभं होतं. दुरून बघणाऱ्याला लागलेलंच वाटावं. खोडरबरने बोट पुढे केलं. बोट फटीत अलगद शिरलं.

“माझी व्याख्या!” वकीलबाई म्हणाल्या.

“तुमचीच,” आत्या म्हणाली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा दोघी खरं हसल्या. पाचव्यावर जाताना चौथ्याचं दार आपण कितीदा ओढून पुढे गेलो आणि लिफ्टची गुरगुर पाचव्यावर पोचल्यावर ऐकून दोष त्या दाराला दिला, हे आत्याला आठवलं. ते तिने त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही. सांगायला आधीच बरंच होतं.

लिफ्टचा मेकॅनिक सोमवारी आला. त्याने चौथ्याच्या दाराचा झिजून गुळगुळीत झालेला खटका काढून दाखवला. “तीन वर्षं तरी झाली असतील,” तो म्हणाला. “कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?” खोडरबरने नवा खटका बसेपर्यंत स्क्रू हातात धरून ठेवले. सेक्रेटरींनी नोटीस काढून घेतली आणि इतिवृत्तात ‘तीन’ खोडून ‘चार’ केलं. त्यावर त्यांच्या मुलीने त्यांना सांगितलं की खोडायचं नसतं, एक रेघ मारून बाजूला लिहायचं आणि सही करायची.

आजोबा पाच वाजता खाली आले. बाकावर बसताना म्हणाले, “सहाव्यापासून इथपर्यंत एकोणचाळीस सेकंद. न थांबता.” मग त्यांनी भाचीला स्वतःचं मनगटी घड्याळ कानाला लावून ऐकवलं.

भाची परत गेली तेव्हा तिने आलेख गुंडाळी करून सोबत नेला. चौथ्या मजल्याचे अकरा चौकोन आता रंगवलेले होते, खोडरबरच्या हाताने, पेनने. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. शाळेतल्या बाईंनी आलेख पाहिला होता आणि खाली शेरा दिला होता : ‘प्रयत्न चांगला. तिसऱ्या मजल्याचा स्तंभ चुकलेला वाटतो. पुन्हा तपासून घेणे.’

“मग तू काय केलंस?” आत्याने विचारलं.

“मी खाली लिहिलं, ‘तपासला. बरोबर आहे. आत्या होती.’ पण बाई म्हणतात, मोठ्या माणसाची सही आण.”

आत्या तेव्हा बाजारातून येऊन तिसऱ्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडत होती. एका हातात पिशव्या, दुसऱ्यात फोन. तिने खाली पाहिलं. पाय नेहमीच्या जागी, दारात रोवलेला होता.

“पाठवून दे,” ती म्हणाली. मग पाय काढून घेतला, दार ओढून घट्ट लावलं आणि फटीत एकदा बोट घालून बघितलं.